सांध्यातली वाळू

रात्री पाणी प्यायला उठले की मी दिवा लावत नाही. घर पायांना पाठ झालेलं असतं. खोलीचं दार, मग सात पावलं, मग उजवीकडे वळण. त्या सात पावलांत एका रात्री तळव्याखाली कच्‌ झालं. एखादाच कण असेल, पण अनवाणी पावलाला एक कणही पुरतो. भिंतीला हात टेकून मी तळवा पुसला, पुढचं पाऊल टाकलं, पुन्हा कच्‌. संध्याकाळीच ती फरशी झाडली होती, दोनदा पुसली होती. मी तशीच अंधारात उभी राहिले. पाणी प्यायचं राहूनच गेलं.

घरासमोर बांधकाम चालू होतं तो काळ. हाकेच्या अंतरावर वाळूचा मोठा ढीग पडलेला, आणि माझा सात वर्षांचा मुलगा सुट्टीतला निम्मा दिवस त्या ढिगावर. घरात यायचा तो वाळूसकट. बुटांत वाळू, मोज्यांच्या शिवणीत वाळू, पँटच्या दुमडीत, कानामागे, नखांत. त्याला रागवावंसं मला कधी वाटलं नाही. कोपरापर्यंत हात घालून तो बोगदे खणायचा, पलीकडून मित्राचा हात लागला की दोघं ओरडायचे. असा आनंद बंद करून फरशी स्वच्छ ठेवायची नव्हती मला. त्यामुळे वाळूचं जे काही करायचं ते घराच्या आत, मीच करायचं होतं.

इतकी वर्षं मी धूळ आणि वाळू एकाच सुपलीत भरत होते. केर तो केर. पण त्या दिवसांत मिळेल ते वाचून काढलं आणि पहिल्यांदा कळलं की वाळू हे मुळात मापाचं नाव आहे. चेस्टर वेंटवर्थ या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १९२२ साली कणांच्या आकाराची एक श्रेणी ठरवून दिली, ती आजही वापरात आहे. तिच्याप्रमाणे दोन मिलिमीटरपासून एका मिलिमीटरच्या सोळाव्या भागापर्यंतचा कण म्हणजे वाळू. त्याहून बारीक तो गाळ, आणखी बारीक ती चिकणमाती. वाचताना हे रूक्ष वाटलं, पण फरशीवर बसून विचार केला तेव्हा त्यातलं मर्म लक्षात आलं. धूळ तरंगते, कपाटावर चढते, पंख्याच्या पात्यांना धरते. वाळूला घरातल्या हवेत तरंगता येत नाही. ती उडी मारते, घरंगळते आणि खोलगट जागा मिळाली की तिथे बसते. कपाटाच्या माथ्यावर मला कधी वाळू सापडली नाही. ती सापडायची फरशीवर, आणि फरशीवरची खोलगट जागा म्हणजे दोन फरश्यांमधला सांधा.

आमच्याकडचे सांधे चार मिलिमीटर रुंद आहेत. पट्टी ठेवून मोजले मी. त्यांत भरलेलं ग्राउट, म्हणजे फट बुजवायचं मिश्रण, फरशीच्या पातळीपेक्षा केसभर खाली असतं, कारण भरल्यावर ओल्या स्पंजाने पुसताना ते मध्ये जरासं दबतं. नखाने चाचपलं की ती खोली लागते. माणसाच्या नजरेला ती काहीच नाही, वाळूच्या कणाला मात्र तो अख्खा चर असतो. झाडू फरशीवरून सरकतो तेव्हा पुढचे कण पुढे जातात आणि काही कण त्या चरात उतरतात. झाडू वरून निघून जातो. मग कुणी खुर्ची सरकवली, मुलाची गाडी घरंगळली, की तेच कण उडून पुन्हा वर येतात. संध्याकाळी झाडलेल्या फरशीवर रात्री कच्‌ होतं ते असं.

वाळू पायाला टोचते एवढंच असतं तर मी इतकी मागे लागले नसते. ती फरशी खाते. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी उतरंड लावली. कोण कोणावर ओरखडा काढतं एवढाच तिचा निकष. बहुतेक वाळूत मुख्य भाग क्वार्ट्झचा, म्हणजे आपण जिला गारगोटी म्हणतो तिचाच, आणि त्याचा क्रमांक सात. खिडकीच्या काचेचा साडेपाचच्या आसपास. संगमरवराचा जेमतेम तीन. म्हणजे चपलेच्या तळाखाली अडकलेला एक कण घेऊन आपण काचेहून कठीण असं हत्यार घरभर फिरवत असतो, वर स्वतःचं सगळं वजन टाकून.

हे मला नुसतं वाचून पटलं नसतं. एका सकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं होतं. सुपलीतून निसटलेले कण दिसतात का ते बघायला मी गाल फरशीला टेकवून आडवी झाले. कण दिसलेच, पण त्याहून वेगळं काही दिसलं. दारापासून सोफ्यापर्यंत, तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत फरशीवर एक पाऊलवाट पडली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना फरशी चकाकत होती आणि वाट तेवढी मंद, दुधाळ, श्वास सोडलेल्या आरशासारखी. जवळून पाहिलं तर बारीक बारीक ओरखडे, सगळ्या दिशांना गेलेले. रानात माणसं जाऊन जाऊन जशी वाट मळते तशी आमच्या चालण्याने घरात वाट मळली होती. उभं राहून बघितलं की ती दिसत नव्हती. मी वर्षानुवर्षं उभी राहूनच बघत आले होते.

तोपर्यंत माझी रीत सगळ्यांची असते तीच. भरभर झाडू मारायचा आणि लगेच ओलं फडकं फिरवायचं. एका दुपारी मी पुसत होते, आई खुर्चीत बसून पाहत होती. म्हणाली, “अगं, तू वाळू पुसतेस की लिंपतेस?”

मी हात थांबवला. फडक्याच्या कडेला तपकिरी रेघ आली होती आणि ती रेघ मी सांध्यांत भरत चालले होते, गवंडी थापीने भरतो तशी. वाळू ओली झाली की कणाकणांच्या मध्ये पाणी अडकतं आणि ते पाणीच कणांना एकमेकांशी नि फरशीशी धरून ठेवतं. मुलांचे किल्ले उभे राहतात ते याच जोरावर. कोरडा कण हलका असतो, फुंकरीनेही सरकतो. ओला कण बसला की बसला. त्यात वाळूबरोबर आलेला गाळ मिसळला की सांध्यात चिखलाचा पातळ थर होतो, तो वाळतो, आणि सांधा आणखी एक छटा काळा पडतो. पुसण्याची बादलीही मला फसवत होती. पाणी वरून गढूळ दिसतं म्हणून आपण त्याला मळकं म्हणतो. खरं म्हणजे वाळू काही क्षणांत तळाशी जाते आणि गढूळपणा नुसत्या बारीक गाळाचा असतो. फडकं बादलीत खोलवर बुचकळलं की तळाची सगळी वाळू पुन्हा फडक्यात येते. मी एक खोली साफ करून तिची वाळू दुसऱ्या खोलीत वाटत होते.

“आधी कोरडं, मग ओलं,” आई म्हणाली. “आणि कोरडं संपल्याशिवाय ओल्याला हात लावू नकोस.” कोरडं संपलं हे कसं ओळखायचं, ते तिने दाखवलं. खुर्चीतून वाकून तिने उघडा तळहात फरशीवरून दोन फूट ओढला, मग दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि कानाशी नेले. तिची नजर आता अधू झाली आहे, पण तळहाताला खर लागली की तिला ऐकू येते. त्या दिवसापासून मी त्याच परीक्षेला बसते. तळहात गप्प राहिला तरच बादली भरायची.

कोरडं झाडणं ही सोपी गोष्ट असेल असं मला वाटायचं. तसं नव्हतं. मऊ, दाट केसांचा झाडू लागतो, ताठ काड्यांचा नाही. ताठ काडी वाकते, फरशी सोडताना सुटते आणि कणाला गलोलीसारखं उडवते. झाडूच्या प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी आपण सवयीने मनगटाला जो झटका देतो, तो सोडायला मला पंधरा दिवस लागले. झाडू फरशीवरून उचलायचाच नाही. छोटे छोटे फटकारे घ्यायचे, लांबच्या भिंतीपासून मधे, आणि सांध्याच्या दिशेने, सांध्याला आडवे नाहीत. आडवं झाडलं की कण चरात पडतात. चराच्या बाजूने झाडलं की चरातले कण चरातूनच पुढे सरकतात, पाटातून पाणी जावं तसे. खोलीत सांधे उभे-आडवे दोन्ही असतात, म्हणून दोनदा झाडायचं, एकदा उभं, एकदा आडवं. मधल्या चौकांत, जिथे चार फरश्यांचे कोपरे भेटतात, तिथे तरीही काही कण दडी मारून बसतात. ते दात घासायच्या जुन्या मऊ ब्रशने बाहेर काढायचे.

शेवटी सुपलीच्या तोंडाशी एक पातळ रेघ उरते. ती सगळ्यांना ओळखीची असेल. सुपली मागे घ्यावी, रेघ भरावी, पुन्हा नवी रेघ. कितीही वेळा केलं तरी ती रेघ राहते, आणि शेवटी कंटाळून आपण ती झाडूने इकडेतिकडे पसरून देतो. मी आता एक चिंधी ओलसर करून घडी घालते आणि त्या रेघेवर दाबून उचलते. पुसायचं नाही, ठसा घ्यावा तसं दाबायचं. रेघ चिंधीवर येते. इथे तोच ओलावा उपयोगाला येतो, कारण तो कण पसरवत नाही, पकडतो.

नंतर घरात व्हॅक्यूम क्लीनर आला. त्याच्या जन्माची गोष्ट मला आवडते. १९०१ साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाचा एक अभियंता सफाईचं एक यंत्र बघायला गेला. ते यंत्र हवेचा झोत मारून धूळ उडवायचं. उडालेली धूळ परत तिथेच बसणार हे त्याच्या लक्षात आलं आणि उलटं का करू नये, असं त्याने मनात घेतलं. तोंडावर रुमाल धरून त्याने खुर्चीच्या गादीतून हवा ओढून पाहिली, रुमालावर धुळीचा डाग उमटला. त्या वर्षी त्याने आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. माझा झाडू इतकी वर्षं तेच पहिलं यंत्र होता, हे मला बूथमुळे कळलं. फरशीवर व्हॅक्यूम वापरताना मात्र त्याचा फिरता ब्रश बंद ठेवावा लागतो. गालिच्यासाठी असलेला तो ब्रश कठीण फरशीवर कण ओढायच्या आत भिरकावून देतो आणि ओरखडेही काढतो. निमुळतं तोंड लावायचं आणि एकेका सांध्यावरून मुंगीच्या चालीने जायचं. नळीतून कणांचा टिक् टिक् आवाज येतो. तो थांबला की सांधा रिकामा. घरातल्या सगळ्या कामांत मला हे काम आवडू लागलं. त्याला कान लागतो आणि घाई चालत नाही.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग मला काळे सांधे दिसू लागले.

कण गेले, पण सांध्यांत मुरलेला मळ तसाच होता. फरशी भाजलेली, घट्ट, तिच्यात पाणी जवळजवळ शिरतच नाही. ग्राउट मात्र सिमेंटचं, सच्छिद्र, जे सांडेल ते पिणारं. मी बाजारातून फरशीचे हट्टी डाग घालवणारी एक बाटली आणली. आम्लाची. हातमोजे घातले, खिडक्या उघडल्या, सांध्यावर धार धरली आणि सांधा फसफसला. पांढरा फेस वर आला, बारीक बुडबुड्यांचा, फुटताना चुरचुर आवाज करणारा. मी ताठ ब्रशने घासलं, पाण्याने धुतलं, आणि खालून सांधा निघाला तो अगदी नवा, उजळ राखाडी. मला केवढा आनंद झाला. मळ उकळून बाहेर येतोय असंच वाटलं मला त्या फेसाकडे बघून. मग दर आठवड्याला एक खोली, असं मी धरलं. सगळ्यांत जास्त वेळा स्वयंपाकघर, कारण तिथे डाग पडतात. एकदा सांधा आणखी पांढरा व्हावा म्हणून त्याच ओल्या आम्लावर मी ब्लीच ओतणार होते. आईने बाटलीवरची बारीक अक्षरं मला मोठ्याने वाचायला लावली म्हणून निभावलं. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि तो फुप्फुसांवर घाव घालतो. हे प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

पुढे बांधकाम संपलं. ढीग उचलला गेला. मुलाची शाळा सुरू झाली. घरातली वाळू आता संपायला हवी होती.

ती वाढली.

रोज झाडू मारला की सुपलीत चिमूटभर वाळू. दुसऱ्या दिवशी पुन्हा चिमूटभर. मी पायपुसणी बदलली. दाराबाहेर एक खरखरीत, दाराच्या आत एक मऊ आणि लांब, चार-पाच पावलं त्याच्यावर पडतील एवढं. चपला बाहेर. खिडक्यांच्या खाचा पुसल्या. वाळू येतच राहिली. आणि सगळ्यांत जास्त यायची ती स्वयंपाकघरात, ओट्याखाली, घराच्या पार आतल्या टोकाला, जिथे चप्पल घालून कुणी कधी गेलेलं नाही. मी मुलाचे खिसे तपासायला लागले. तो म्हणाला, “आई, मी नाही गं आणत आता.” त्याचा चेहरा पाहून माझं मलाच वाईट वाटलं. त्याने खरं सांगितलं होतं आणि मी तपासतच होते.

मग एके दिवशी मी कागदाच्या चार पुड्या केल्या. दाराजवळची वाळू एकीत, बैठकीच्या खोलीतली दुसरीत, खिडकीखालची तिसरीत, ओट्याखालची चौथीत. प्रत्येकीवर नाव लिहिलं. मुलाचं भिंग घेतलं आणि पांढऱ्या कागदावर एकेक पुडी उघडली.

दाराजवळच्या वाळूत सगळा मेळा होता. मोठे कण, लहान कण, गोल झालेले, फुटलेले. एक मधासारखा पिवळा, आरपार उजेड जाणारा. दोन काळेभोर. एक गुलाबी. पानाचा चुरा, मुंगीचा पाय, लोकरीचा धागा. ती वाळू कुठून कुठून आली होती ते तिच्याकडे पाहूनच दिसत होतं.

ओट्याखालच्या पुडीत असं काही नव्हतं. सगळे कण एका मापाचे, चाळणीतून काढल्यासारखे, आणि सगळ्यांच्या अंगाला राखाडी पिठी चिकटलेली. मी चिमूट आईच्या हातावर ठेवली. तिने ती अंगठा आणि बोटामध्ये फिरवली. “ही बाहेरची नाही,” ती म्हणाली. “हिला चुन्याचा हात लागलाय.” तिच्या बोटांवर खडूसारखा पांढुरका डाग उमटला होता.

मी एका बशीत ते कण घेतले आणि वर व्हिनेगरचा थेंब सोडला. दाराजवळच्या वाळूवर सोडला तेव्हा काहीच झालं नव्हतं. इथे थेंबाच्या कडेने बारीक बुडबुडे आले, कणांच्या अंगावरून सुटून वर येऊ लागले.

तो फेस मी ओळखला.

किती तरी वेळ मी बशीकडे पाहत बसले. तीन मिलिमीटरच्या वर रुंदीचा सांधा असला की त्यात नुसतं सिमेंट भरून चालत नाही, सुकताना ते आकसतं आणि तडकतं. म्हणून त्या ग्राउटमध्ये बारीक चाळलेली वाळू घातलेली असते. वाळू आकसत नाही, ती सिमेंटला तोलून धरते आणि सिमेंट वाळूला बांधून ठेवतं. आमचे सांधे चार मिलिमीटरचे. म्हणजे ज्यातून मी रोज वाळू काढत होते, ते सांधेच मुळात वाळूचे होते. आणि आम्ल सिमेंटवर पडलं की सिमेंटमधला चुनखडीचा भाग विरघळतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचा फेस होतो. वाळूला तेच आम्ल काही करत नाही. दर आठवड्याला मी सांध्यातलं बांधून ठेवणारं तेवढं विरघळवत होते आणि उरलेले कण सुटे करत होते. उजळ निघालेला तो सांधा नवा दिसत होता, कारण मी त्याची वरची कातडी काढली होती. मग ताठ ब्रश. मग पुन्हा आम्ल. जितकी वाळू जास्त, तितकी मी जास्त घासत होते, आणि जितकं घासत होते तितकी वाळू.

आणि मी त्या पोराचे खिसे तपासत होते.

शाळेतून आल्यावर त्याला बशी दाखवली. त्याने स्वतः थेंब सोडून पाहिला, दोनदा, तीनदा. “म्हणजे आपल्या घरातूनच वाळू येत होती?” त्याला त्यात विलक्षण काही सापडलं होतं. मी त्याला जवळ घेतलं आणि सांगितलं की खिसे तपासले ते माझं चुकलं. तोवर तो पुढचा थेंब सोडण्यात गुंतला होता.

ज्यांनी पूर्वी आमच्या बाथरूमचं काम केलं होतं ते गवंडीकाका दोन दिवसांनी आले. त्यांनी भिंग मागितलं नाही. खिशातून किल्ली काढून ओट्याखालच्या एका सांध्यावरून हलकेच ओढली. किल्लीच्या मागे वाळूची बारीक रेघ पडत गेली.

“ताई, यात सिमेंट गेलं. नुसती रेती उरली.” मग वर बघून म्हणाले, “अ‍ॅसिड वापरता?”

मी हो म्हणाले. ते रागावले नाहीत. त्यांनी दुसऱ्या खोलीतला, आम्ल कमी वेळा लागलेला सांधाही किल्लीने पाहिला. तिथेही जरा भुसभुशीत होतं. “इथं मुळातच पाणी जास्त घातलं होतं कालवताना. मिश्रण पातळ असलं की हाताला पटकन सरकतं, काम लवकर उरकतं. पण सुकल्यावर पाणी उडून जातं आणि त्याची जागा पोकळ राहते. म्हणजे सगळी चूक तुमची नाही.” हे त्यांनी माझं मन राखायला सांगितलं असं मला वाटत नाही. कामाबद्दल बोलताना ते गोड बोलत नाहीत.

पुढचे दोन दिवस त्यांच्याबरोबर मी फरशीवर बसले. करवतीसारख्या दातेरी पात्याने ते एकेक सांधा खरवडायचे, दोनतृतीयांश खोलीपर्यंत, पातं फरशीच्या कडेला लागू न देता. मी मागून व्हॅक्यूमचं तोंड धरायची. त्यांना मास्क लावायची सवय नव्हती, मी हट्टाने लावायला लावला, स्वतःही लावला. पायाखाली कचकचणारा कण नाकात शिरत नाही, पण खरवडताना क्वार्ट्झची जी डोळ्यांना न दिसणारी भुकटी उडते ती फुप्फुसात खोलवर जाऊन राहते, आणि वर्षानुवर्षं ती श्वासात घेणाऱ्यांना सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. दगडफोडीच्या, काच-फरशीच्या कामातली किती माणसं त्याने गेली आहेत. काकांनी आयुष्यभर हे काम उघड्या तोंडाने केलं आहे, हे मला त्या दोन दिवसांत सारखं टोचत राहिलं. सांध्यावर आधी पाण्याचा हबका मारून मग खरवडलं तर भुकटी कमी उडते, असं मी सुचवलं. त्यांनी करून पाहिलं आणि पुढे तसंच केलं.

नवं मिश्रण त्यांनी घट्ट कालवलं, थापीवर धरलं तर न ओघळणारं. सांध्यात रबरी थापीने तिरपं दाबत नेलं, म्हणजे थापीची कड सांध्यात शिरून भरलेलं उपसून काढत नाही. मग पिळून पिळून जवळजवळ कोरडा केलेला स्पंज, तोही तिरपाच. “इथंच लोक घाई करतात,” काका म्हणाले. “ओला स्पंज फिरवला की वरचं सिमेंट धुऊन जातं. मग पहिल्या दिवसापासून रेती सुटते.” नंतर तीन दिवस मी सकाळ-संध्याकाळ सांध्यांवर हलकं पाणी शिंपडत होते. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी जोडलं जाऊन घट्ट होतं. फार लवकर सुकलं तर ते अर्धवट राहतं. काही आठवड्यांनी वरून मुरणारं सीलर लावलं. मुलाने चमच्याने थेंब टाकून परीक्षा घेतली. जुन्या सांध्यावर थेंब टाकला की तिथे गडद डाग पसरायचा. आता थेंब तसाच उभा राहिला, गोल, खिडकी त्यात उलटी दिसत होती.

आता सांधे धुवायचे झाले तर साधा, आम्ल नसलेला साबण, कोमट पाणी आणि मऊ ब्रश. डाग हट्टी असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावते आणि दहा मिनिटं थांबते. पूर्वीसारखे ते एका दमात उजळत नाहीत. दाराजवळचे सांधे जरा मळकेच आहेत आणि तसे राहिले तरी चालतील असं मी ठरवलं आहे. पाऊलवाटेवरचे ओरखडे तर तसेच आहेत, ते जाणार नाहीत.

परवा रात्री पाणी प्यायला उठले. दिवा लावला नाही. खोलीचं दार, मग पावलं मोजत. सहाव्या पावलाला कच्‌ झालं.

मी तिथेच खाली बसले. बोटाचं टोक ओलं करून अंधारात फरशी चाचपली, कण बोटाला आला. खिडकीपाशी नेऊन रस्त्याच्या दिव्यासमोर धरला. गोल झालेला, गुळगुळीत, पिवळसर, उजेड आरपार जात होता. अंगठ्याने चोळून पाहिलं, बोटावर पांढरं काही उतरलं नाही.

बाहेरचाच होता. मी तो खिडकीबाहेर सोडला आणि पाणी प्यायले.